वागळे इस्टेटमधला गाळा: पहिल्या वर्षाच्या नोंदी

9 एप्रिल 2024, गुढीपाडवा

गाळ्याची किल्ली मिळाली. ठाणे, वागळे इस्टेट, रोड नंबर 22 च्या आतल्या बाजूला, पहिला मजला. मालवाहू लिफ्ट आहे म्हणून पहिला मजला चालला. करार अकरा महिन्यांचा. डिपॉझिट माझ्या पीएफमधून.

काम कोणतं ते एकदा लिहून ठेवते: इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल, म्हणजे मोटर आणि मशीन चालू-बंद करणारी विजेची कपाटं. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची, सांडपाणी प्रकल्पांची, लहान कारखान्यांतल्या मशीनची. पत्र्याची कपाटं बाहेरून पावडर कोटिंग होऊन येणार. आतलं सगळं आपलं: डिन रेल (सामान बसवायची पट्टी), डक्ट (वायरींची पन्हळ), बसबार (वीज वाहून नेणारी जाड पट्टी), कॉन्टॅक्टर आणि रिले (विजेवर चालणारे स्विच), वायरिंग, फेरूल (वायरीच्या टोकाची क्रमांकाची खूण) आणि शेवटी टेस्टिंग. टेस्टिंग मी नोकरीत वर्षानुवर्षं केलं आहे, त्याची भीती नाही. भाव सांगणं, पैसे मागणं, माणसं ठेवणं यातलं मात्र कधीच काही केलेलं नाही. म्हणून ही वही. कामाचा हिशोब जॉब कार्डावर राहील. इथे त्या कामाने मला काय शिकवलं तेवढंच.

एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) 1962 साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. आता बऱ्याच जुन्या शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण आतल्या गल्ल्यांत लेथचा आवाज अजून येतो. इथे सुरुवात करायला मिळते आहे याचं मला खरंच अप्रूप आहे.

12 एप्रिल

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, झाली. आधार, पॅन, मोबाइलवर ओटीपी, बस. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी मोफत आहे. एजंट पैसे मागतात, देऊ नयेत. उत्पादन हा प्रकार निवडला, व्यापार नाही. त्याचं कारण पुढे उपयोगी पडेल असं सीए म्हणाल्या.

18 एप्रिल

मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत दिवस गेला. यादीतला भाव आणि प्रत्यक्ष भाव यांत केवढं अंतर असतं ते नोकरीत परचेसवाल्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. वायरचा भाव तांब्यावर चालतो. तांबं वर गेलं की कंपन्या यादी बदलतात, आणि आपण महिन्यापूर्वी दिलेलं कोटेशन तसंच राहतं. म्हणून कोटेशनवर मुदत हवी. मी पंधरा दिवसांची घालणार आहे.

एका शेठजींनी उधारी किती दिवसांची हवी ते स्वतःहून विचारलं. मी म्हटलं, पहिले तीन महिने रोखीने घेते, नंतर बोलू. ते हसले आणि चहा मागवला. रोखीचं गिऱ्हाईक लक्षात राहतं, असं शेजारच्या काउंटरवरचे काका म्हणाले.

3 मे

पहिलं मोठं कोटेशन गेलं. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं पंप पॅनल, काम कंत्राटदारामार्फत. हे सविस्तर लिहिते.

भाव काढताना काय काय धरलं: सामान, वाया जाणारं सामान, वायरमनचे तास, टेम्पो, गाळ्याच्या भाड्याचा आणि विजेचा वाटा, आणि माझे स्वतःचे तास. शेवटची ओळ लिहिताना हात अडखळला. ड्रॉइंग काढायला लागणारी संध्याकाळ, टेस्टिंगचा अर्धा दिवस, साइटवर जाऊन केबल कुठून येते ते बघणं, हे सगळं मी नोकरीत करत होते तेव्हा त्याचा मला पगार मिळत होता. स्वतःच्या धंद्यात तेच काम फुकट कसं होईल? जो हिशोब माझे तास शून्य धरतो, त्यावर चालणारा धंदा माझ्या झोपेवर चालतो. म्हणून ती ओळ ठेवली.

कंत्राटदार गाळ्यावर आले. आकडा वाचून म्हणाले, "मॅडम, वायरिंगचे एवढे?" मी लगेच काहीतरी कमी करून टाकेन असं मला आतून वाटत होतं. आमच्या घरात पैशाचं बोलणं म्हणजे हलकं काम. वडील उसने दिलेले पैसेसुद्धा परत मागत नसत. भीड भिकेची बहीण, हे आजी म्हणायची आणि घरात तेवढं एकच कोणी ऐकायचं नाही. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि एकेक ओळ काय आहे ते सांगितलं. मग मी गप्प बसले. ते गप्प बसणं सगळ्यात अवघड होतं. त्यांनी दोन ओळींवर प्रश्न विचारले, दोन्ही रास्त होते, त्यांची उत्तरं दिली. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलण्याआधी, हेही तोंडाने सांगितलं, नुसतं कागदावर छापून ठेवलं नाही.

4 मे

कंत्राटदारांचा फोन. ऑर्डर पक्की. आगाऊ रक्कम दुपारी जमा.

20 मे

ठाण्यात लोकसभेचं मतदान. गाळा बंद, पगारी सुट्टी.

20 जून

जीएसटी भरला. आज ही गोष्ट खऱ्या अर्थाने कळली: कर बिल काढल्यावर लागतो, पैसे आल्यावर नाही. लाखाचं बिल काढलं की वर अठरा हजार कर. तो पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचा, खरेदीवरच्या कराची वजावट घेऊन. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी पैसे देणार असेल तर मधले दिवस सरकारची रक्कम आपण आपल्या खिशातून देत असतो. वस्तू विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण माझी गिऱ्हाइकं कंपन्या आणि कंत्राटदार आहेत, त्यांना वजावट हवी असते. नोंदणीशिवाय ते दारात उभे राहणार नाहीत.

बँकेत दुसरं खातं उघडलं. कराचे पैसे आले की त्याच दिवशी तिकडे. ते माझे नाहीतच, तर माझ्या शिलकीत दिसायला नकोत. हे केल्यापासून शिलकीचा आकडा बघताना छाती उगाच फुगत नाही आणि उगाच धडधडतही नाही.

8 जुलै

पहाटेपासून तुफान पाऊस. रुळांवर पाणी, लोकल कोलमडलेली. दोन्ही वायरमन दिव्याहून येतात, दोघेही घरीच अडकले. मी कळव्याहून कशीबशी रिक्षाने पोहोचले.

उद्या एक पॅनल द्यायचं होतं. सकाळी आठच्या आधी गिऱ्हाइकाला फोन केला. उद्या मिळणार नाही, गुरुवारी दुपारी मिळेल, असं सरळ सांगितलं. ते वैतागले. पण त्यांनी क्रेन आणि फिटर उद्यासाठी बोलावले होते, ते दोन्ही वेळेत रद्द करता आले. फोन संध्याकाळी केला असता तर क्रेनचं भाडं त्यांच्या डोक्यावर बसलं असतं आणि आमचं नाव त्या भाड्याला कायमचं चिकटलं असतं.

वाईट बातमी देताना माणूस वाट बघतो, कदाचित जमेल म्हणून. त्या कदाचितची किंमत समोरचा मोजतो. नोकरीत असताना उशीर झाला की मी साहेबांना सांगायचे आणि साहेब गिऱ्हाइकाला सांगायचे. मधली भिंत आता नाही. मला ते आवडतं आहे, हे आज फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

11 जुलै

पॅनल दुपारी गेलं. ठरल्याप्रमाणे.

19 ऑगस्ट

या नोंदीला वेळ देते, कारण वर्षभरात मला सगळ्यात जास्त कशाने बदललं असेल तर या महिन्याने.

जुलैच्या शेवटी एक मुलगी कामाला आली. आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन ट्रेड नुकताच पूर्ण केलेली, राहते किसननगरला. हात स्वच्छ आहे. फेरूल सरळ बसवते, डक्टमधल्या वायरी पिळल्या जाऊ देत नाही. आमच्याकडचे काका पंचवीसेक वर्षं वायरिंग करतात. त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं, "ताई, हिला टेस्टिंगला घ्या. हिची नजर आहे."

टेस्टिंग मी कोणाला देणार नव्हते. तेच तर माझं. पॅनल बाहेर जाताना शेवटचा हात माझा, शेवटची सही माझी. पण महिन्याला पॅनल वाढली की रात्र वाढायला लागली. दिवसभर फोन, कोटेशन, लोहार चाळ, आणि टेस्टिंग सुरू रात्री आठला. थकलेल्या डोळ्यांनी केलेली तपासणी ही तपासणी नसते, हे मीच इतरांना सांगत आले आहे.

तिला क्रम लिहून दिला. आधी नुसत्या डोळ्यांनी ड्रॉइंगशी ताडून बघणं. मग प्रत्येक टर्मिनल टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) घट्ट आहे का, आणि घट्ट झाल्यावर मार्करची रेघ, म्हणजे पुढे स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते. मग कंटिन्युइटी, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही ना. मग 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) इन्सुलेशन, म्हणजे वीज कुठे गळत नाही ना. शेवटी वीज देऊन एकेक काम करून बघणं: पंप सुरू, पंप बंद, टाकी भरल्याचा सिग्नल, ओव्हरलोडचा ट्रिप.

पहिल्या दोन पॅनलना मी तिच्या मागे उभी होते. ती प्रत्येक पायरीला वळून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुढे. म्हणजे तपासत मीच होते, हात फक्त तिचे. तिसऱ्या पॅनलला मी खाली टपरीवर जाऊन बसले. जाणं सोपं नव्हतं. चहा निवला तरी प्यायला गेला नाही.

वर आले तेव्हा काका आणि ती दोघं पॅनलसमोर उभी. काका मेगर जोडायला निघाले होते, तिने हात आडवा घातला होता. आत एक इलेक्ट्रॉनिक टायमर आणि एक फेज रिले अजून जोडलेले होते. मेगरचा दाब त्यांच्यातून गेला तर आतला सर्किट बोर्ड जळू शकतो, म्हणून ते आधी सोडवायचे असतात. काकांना हे माहीत आहेच. घाईत होते. तिने मोठ्या माणसाला थांबवलं होतं, आणि त्यांनी ते मानलं होतं. मला काही बोलावंच लागलं नाही.

टेस्ट रिपोर्टवर आता दोन सह्या असतात. तपासणारी म्हणून तिची, मंजूर करणारी म्हणून माझी. पहिल्यांदा सही करताना तिने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. रिपोर्टची झेरॉक्स मागून घरी नेली.

पगार वाढवला. तिने मागण्याआधी.

6 सप्टेंबर

उद्या गणपती. पगार आजच दिले. काकांना कोकणात जायचं आहे, त्यांची उचल आधीच दिली होती, ती तीन पगारांतून वळती करायचं दोघांनी मिळून ठरवलं आणि लिहून ठेवलं. लिहिल्याने नात्यात पाणी पडेल असं वाटलं होतं. काका म्हणाले, "बरं झालं, डोक्यात ठेवायला नको."

11 ऑक्टोबर, खंडेनवमी

क्रिम्पिंग टूल, टॉर्क रेंच, मेगर, ड्रिल यांची पूजा. मेगर कॅलिब्रेशनहून (अचूकता तपासून) कालच परत आला. टॅगवर पुढची तारीख आहे, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली.

24 ऑक्टोबर

दिवाळीचा बोनस दिला. बोनस कायदा 1965 चा, त्यात किमान 8.33 टक्के आहे. एवढ्या लहान युनिटला तो लागू होत नाही. तरी तोच आकडा धरला. कायदा लागू नाही म्हणून माणसाची दिवाळी लहान होत नाही.

9 डिसेंबर

नवी मुंबईतल्या एका कंपनीकडे बिल अडकलं आहे. चार पॅनल, सप्टेंबरमध्ये दिलेली. कराराप्रमाणे 45 दिवस, ते कधीच उलटले. फोनवर उत्तर एकच: "प्रोसेसमध्ये आहे."

रविवारी बसून एमएसएमई विकास कायदा, 2006 वाचला. कलम 15: लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडची मुदत चालत नाही, करार नसेल तर पंधरा दिवस. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा. कलम 16: उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. डिसेंबर 2024 मध्ये बँक रेट 6.75 टक्के, म्हणजे वर्षाला 20.25. शिवाय आयकराचं कलम 43बी(एच): सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. व्यापाऱ्यांना हे लागू नाही, उत्पादकांना आहे. एप्रिलमध्ये सीएंनी उत्पादन हा प्रकार का निवडायला लावला ते आज उलगडलं.

आज ट्रान्सहार्बर लोकलने तिकडे गेले. कायदा पर्समध्ये ठेवला, बाहेर काढला नाही. आधी विचारलं, बिल नक्की कोणाच्या टेबलावर आहे? अकाउंट्समधल्या मॅडमनी सिस्टीम उघडून दाखवली. स्टोअरने चारपैकी दोनच पॅनलची आवक नोंदवलेली. नोंद अपुरी, म्हणून बिल जुळत नाही, म्हणून पैसे नाहीत. स्टोअरमध्ये गेले. चलनावर त्यांचाच शिक्का आणि सही होती, चारही पॅनलची. त्यांनी नोंद पुरी केली. अर्ध्या तासाचं काम.

अकाउंट्सच्या मॅडमना मग कलम 15 बद्दल सांगितलं, शांतपणे, पत्रही दिलं. त्यांनी ते नीट वाचलं. म्हणाल्या, मार्चअखेरीला हाच प्रश्न आमचे ऑडिटर विचारतात, पत्र राहू द्या.

परतताना गाडीत बसून विचार करत होते. दोन महिने मी मनात त्या कंपनीशी भांडत होते. बुडवणारे, मोठे लोक, लहानांना चिरडणारे. आणि तिथे गेल्यावर समोर आली एक अपुरी नोंद आणि दोन दमलेली माणसं. त्याने त्यांचा उशीर माफ होत नाही, नुकसान माझंच झालं. पण रोषाला धरून बसण्यात जी रात्र जाते ती परत कोणी भरून देत नाही. जाऊन विचारायचं, आणि लवकर विचारायचं. बिल दिल्यावर आठवड्यात आवकनोंद झाली का, हा फोन आता कामाचाच भाग. ती जबाबदारी मी स्वतःकडे ठेवली आहे.

21 डिसेंबर

निम्मे पैसे आले.

5 जानेवारी 2025

उरलेले आले. व्याज मागितलं नाही, ठरवून. त्या कंपनीकडून नवी चौकशी मात्र आलेली नाही. येईल न येईल. पत्र दिलं याचं मला वाईट वाटत नाही.

प्रत्येक बिलावर आता उद्यम क्रमांक आणि कलम 15 ची एक ओळ छापली जाते.

14 जानेवारी, संक्रांत

एक ऑर्डर नाकारली. एका इमारतीच्या फायर पंपाचं पॅनल. मागणी अशी की बसबार आणि मुख्य स्विच एक माप खालचे घाला, नेमप्लेटवर मात्र मूळ रेटिंगच छापा. "रोज थोडाच चालतो तो पंप, मॅडम."

रोज चालत नाही म्हणूनच. आग लागेल त्या दिवशी बाकी सगळं बंद पडलं तरी तो पंप पाणी संपेपर्यंत चालायला हवा. त्या जिन्यात कोणाची तरी आई असेल. माझ्या नावाची पट्टी त्या कपाटावर असेल. रक्कम मोठी होती आणि जानेवारी रिकामा होता. नाही म्हणायला मिनिटही लागलं नाही. मनात खूप स्वच्छ वाटलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी तिळगूळ देता देता विचारलं, "नोकरीत बरी होतीस ना गं?" हा प्रश्न घरात वर्षभर कोपऱ्यात बसून होता. आज बरं झालं विचारलं. वही आणली. महिन्याला मी घरात किती देते, नोकरीत किती देत होते, फरक किती, मुलाच्या दहावीनंतरच्या खर्चासाठी बाजूला काय आहे, सगळं दाखवलं. ऑक्टोबरपासून मी स्वतःला ठरलेला पगार घेते. नोकरीपेक्षा कमी आहे, पण एक तारखेला येतो. त्या चष्मा लावून पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी का नाही दाखवलंस? मला वाटायचं, काही लपवते आहेस." यजमानही ऐकत होते. त्यांनाही सगळे आकडे ठाऊक नव्हते.

गिऱ्हाइकाला आठच्या आधी फोन करायचा हे जुलैत शिकले, आणि घरच्यांना हिशोब दाखवायला जानेवारी उजाडला. आता महिन्याचा पहिला रविवार, जेवणानंतर, वही सगळ्यांसमोर.

1 फेब्रुवारी

अर्थसंकल्प. सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा 5 कोटींवरून 10 कोटी होणार. आम्ही जुन्या मर्यादेच्याही खूप खाली. पुढचं काम.

15 मार्च

आगाऊ कर भरला. आयकराच्या कलम 44एडी खाली (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून कर) असल्याने हप्ते नाहीत, सगळा एकदाच, आजच्या तारखेपर्यंत. वेगळ्या खात्यात पैसे तयार होते.

गाळ्याचा करार याच महिन्यात संपला. मालकांनी भाडं वाढवून मागितलं. मी म्हटलं, वाढ देते, पण मुदत तीन वर्षांची करू, दर वर्षीची वाढ आत्ताच ठरवू, आणि खालच्या मजल्याचा गाळा रिकामा झाला तर आधी मला विचारा. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी जो कागद पुढे केला त्यावर मी न बोलता सही केली होती. यावेळी दीड तास बोललो. भाड्यावर ते फारसे हलले नाहीत, बाकी दोन्ही मान्य केलं.

30 मार्च, गुढीपाडवा

रविवार असूनही सगळे तासभर आले. गुढी उभारली, साखरेची गाठी टेस्टिंग करणाऱ्या मुलीच्या धाकट्या भावाच्या गळ्यात.

एप्रिलसाठी ठरलेलं: दोन पंप पॅनल आठवड्या-पंधरवड्यात द्यायची, दोन्हीचं आगाऊ जमा. वायरचे भाव पुन्हा बदलले आहेत, जुनी कोटेशनं तपासून मुदत संपलेल्यांना कळवायचं. काकांना टॉर्क रेंच नवा हवा आहे. आणि टेस्टिंगसाठी दुसरं माणूस बघायचं, ते ती मुलगीच तयार करणार आहे. तिने क्रमाच्या कागदात स्वतःची एक पायरी घातली आहे, इलेक्ट्रॉनिक भाग सोडवल्याची खूण, मेगरच्या आधी. नवा कागद उद्या छापायला द्यायचा.